फ्लश ड्रॉ या विषयावरचा एक लेख आणि त्याचे सहा वाचक

पोकर खेळणाऱ्याला विचारा, डावपेचांच्या लेखातून तुला काय हवंय? नवखा म्हणतो, जिंकायचं कसं ते सांगा. थोडा मुरलेला म्हणतो, चार्ट द्या, कोणती पानं धरायची आणि कोणती टाकायची ते एकदाचं कळू दे. दोघंही मनापासून सांगत असतात. पण लेख हातात आला की त्यातलं वापरलं जातं ते भलतंच काहीतरी, आणि ते काय असेल हे त्यांना आधी सांगता येत नाही. पोकरवरचे मराठी लेख तपासायचं काम मी करतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आलेला एक मसुदा प्रसिद्ध होण्याआधी मुंबईतल्या सहा खेळाडूंनी उभा-आडवा तपासला आणि शेवटी तो जवळजवळ नव्यानं लिहावा लागला. त्या लेखाचं हे प्रकरण. कुणाचंही नाव देत नाही.

हा गट रविवारी दुपारी दादरला एका क्लासच्या रिकाम्या खोलीत जमायचा. खेळ सगळ्यांचा मोबाइलवर; खोलीत फक्त डावांची चिरफाड. डोंबिवलीचे काका होते, बेस्टमधून निवृत्त, आयुष्यभर रमी आणि मेंढीकोट खेळलेले. पार्ल्याच्या ताई बँकेत अधिकारी. बदलापूरचा एक तरुण लालबागच्या दुकानाचे हिशेब बघायचा, त्याचा बराचसा खेळ लोकलमध्ये. घाटकोपरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्याच्या लॅपटॉपवर सॉल्व्हर, म्हणजे डावाचं गणिती उत्तर काढणारा प्रोग्राम. उरलेले दोघं बोलायचे कमी, ऐकायचे जास्त. टेबलं लहान, ब्लाइंड (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे) ५-१० रुपयांचे किंवा त्याहून खाली.

लेख लिहिणारा ठाण्याचा, तिशीतला, खेळाडू म्हणून चांगला. विषय त्यानं विचार करूनच निवडला होता: फ्लश ड्रॉ. चार पानं एका रंगाची झाली आहेत आणि पाचव्याची वाट बघायची आहे, ही वेळ प्रत्येक बैठकीत येते, आणि लहान टेबलांवर पैसे हळूहळू गळतात ते याच वाटेनं, असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे.

मसुद्यातला डाव

खेळ होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मधे सगळ्यांसाठी पाच. सहा जणांचं टेबल, ब्लाइंड ५-१०. कटऑफवरच्या, म्हणजे डीलरच्या आधीच्या जागेवरच्या खेळाडूनं रेज करून रक्कम २५ वर नेली. आपण बिग ब्लाइंडवर, म्हणजे आपले १० आधीच आत, हातात इस्पिकची अठ्ठी आणि सत्ती. आणखी १५ टाकून कॉल केलं, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. स्मॉल ब्लाइंड गेला, त्याचे ५ धरून पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, ५५. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, पडला: इस्पिकचा राजा, चौकटची तिर्री, इस्पिकची दुर्री. आपण पैसे न लावता चेक केलं, समोरच्यानं ३० ची बेट मारली. आता काय?

मसुद्याचं उत्तर दोन ओळींत होतं. ३० घालून ११५ च्या पॉटसाठी लढायचं, म्हणजे २६ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. इस्पिकची नऊ पानं बाहेर आहेत, अजून टर्न आणि रिव्हर ही दोन पानं उघडायची आहेत, नऊ चोक छत्तीस. छत्तीस सव्वीसपेक्षा जास्त, म्हणून कॉल. पुढे टर्नला इस्पिकची राणी आली, समोरच्यानं पुन्हा मारलं, आपण रेज केलं, त्यानं सगळं आत घातलं आणि राजाची जोडी दाखवली. मोठा पॉट आपल्याकडे. लेख संपला.

चारचा नियम सगळ्यांना माहीत असतो. फ्लॉपनंतर आपल्या कामाची पानं मोजायची आणि चारनं गुणायची, टर्ननंतर दोननं. अंदाज म्हणून तो बरा आहे. नेमका आकडा ३५ टक्के येतो, फ्लॉप ते टर्न एकाच पानाचा धरला तर ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्क्यांच्या थोडा वर. मसुद्यातलं गणित, गणित म्हणून, चुकीचं नव्हतं. ते जिथं लावलं होतं तिथं ते लागू नव्हतं.

काकांचा प्रश्न

लेखक समोर बसलेला, त्यामुळे आधी सगळे "छान आहे" म्हणाले. मग काकांनी चष्मा वर केला.

"अरे, तू हिशेब दोन पानांचा लावलास. पण मी तीस दिले ते एकच पान बघायचे ना? टर्नला तो परत ऐंशी मारेल. तेव्हा तुझे छत्तीस टक्के कुठे जातील?"

लेखक म्हणाला, "काका, तेव्हा परत हिशेब करायचा."

"मग आत्ता छत्तीस का म्हणालास?"

पोकर शिकवणारा बहुतेक मजकूर इथेच अडखळतो. ३५ टक्के आपले तेव्हाच, जेव्हा टर्न आणि रिव्हर ही दोन्ही पानं आणखी पैसे न देता बघायला मिळतात. समोरच्याकडे पैसे शिल्लक असतील तर तो ती फुकट दाखवणार नाही. काकांनी धरलेली ऐंशीची बेट घ्या. पॉट ११५, त्यात त्याचे ८०, आपल्याला ८० देऊन १९५ मिळवायचे. बरोबरीला २९ टक्के लागतात आणि हातात आहेत ४६ पैकी ९, साडेएकोणीस टक्के. म्हणजे फ्लॉपला "परवडतो" म्हणून घेतलेला ड्रॉ टर्नला परवडत नाही. खेळाडू पान टाकतो आणि मनात म्हणतो, लेखात तर कॉल लिहिलं होतं.

मग फ्लॉपला ३० देणं चूक का? नाही, आणि इथूनच खरा लेख सुरू व्हायला हवा होता. एका पानाच्या १९ टक्क्यांवर बरोबरी साधायची असेल तर फ्लश लागल्यावर पॉटमधल्या ८५ शिवाय समोरच्याकडून पुढे सरासरी ४२ रुपये निघायला हवेत. हिशेब सोपा आहे: ४७ पैकी ३८ वेळा ३० जातात, तर उरलेल्या ९ वेळांत दर खेपेला १२७ तरी यायला हवेत, त्यातले ८५ समोर पडलेले आहेत. ४२ फार नाहीत. पण ते निघतील की नाही हे ठरवतं कोण? समोरच्यासमोर किती पैसे आहेत आणि तिसरं इस्पिक पडल्यावर तो घाबरून गप्प बसणारा आहे की राजाची जोडी कवटाळून बसणारा आहे, यावर ते ठरतं.

मसुद्यात कुणाकडे किती पैसे आहेत, हे कुठेच लिहिलं नव्हतं. स्टॅकचा आकडाच नव्हता. सहाही जणांनी लेख एकदा वाचला होता, मीही वाचला होता, आणि कुणालाच तो आकडा खुपला नव्हता. काकांच्या प्रश्नानंतर मात्र खोलीत दुसरं काही बोलणंच झालं नाही.

एकच डाव, तीन स्टॅक

लेखकानं घरी जाऊन तोच डाव तीनदा लिहिला. पानं तीच, बेट तीच, बदलली फक्त समोरच्यासमोरची रक्कम.

पहिल्या रूपात त्या ३० मध्ये समोरच्याचं सगळं संपतं. आता पुढे बेट नाही, दोन्ही पानं बघायला मिळणारच. इथे ३५ टक्के पूर्णपणे आपले, २६ पेक्षा कितीतरी वर. कॉल, आणि फार विचार न करता. मसुद्यातलं गणित या एका रूपाला चपखल बसत होतं.

दुसऱ्या रूपात बेटनंतर त्याच्याकडे ९४५ उरतात, म्हणजे दोघंही हजार घेऊन बसलेले. इथेही कॉल, पण कारण निराळं. आता ३५ विसरायचे, १९ धरायचे आणि ४२ कुठून येतील ते बघायचं. राजाची जोडी न सोडणारा माणूस असेल तर ४२ काय, त्याच्या कितीतरी पट निघतात. शिवाय इथे कॉलऐवजी रेजही करता येतं, कारण पान टाकायला लावण्याइतके पैसे दोघांकडे आहेत.

तिसरं रूप सगळ्यांत रंगलं. बेटनंतर समोरच्याकडे ४० च उरतात. फ्लश लागला आणि त्यानं सगळं दिलं तरी मिळणार ८५ अधिक ४०, म्हणजे १२५. हवे होते १२७. कधी तो टर्नला चेक करेल आणि रिव्हर फुकट दिसेल, त्यानं थोडं भरून निघेल. थोडक्यात, काठावरचा डाव. आणि काठावरच्या डावात हिशेबनीस पोरानं एक गोष्ट काढली, जी लेखकाच्या डोक्यात आलीच नव्हती.

"दादा, यात रेक कुठंय?"

रेक म्हणजे टेबल चालवणाऱ्याचा पॉटमधला वाटा. तो पोरगा दिवसभर खर्च आणि मिळकत लिहिणारा, त्याला ते आधी दिसलं. ५ टक्के रेक धरला आणि कमाल मर्यादा अजून लागली नाही असं मानलं तर बरोबरीसाठी लागणारे ४२ चे ५३ होतात. शेवटचा पॉट सुमारे २२० चा, त्यातले ११ टेबलचे, ते आपल्याच खिशातून गेले. म्हणजे काठावर असलेलं तिसरं रूप रेकनंतर तोट्यात. मोठ्या टेबलांवर रेकची मर्यादा पॉटच्या मानानं लहान असते, म्हणून परदेशी खेळाडूंच्या लेखांत या गोष्टीला फारशी जागा नसते. ५-१० च्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र तेच लेख जसेच्या तसे लागू करून चालत नाही. मला या एका दुरुस्तीचं फार मोल वाटतं. वाचकाला आपल्या टेबलाचा लेख हवा असतो, आणि "आपलं टेबल" म्हणजे आपला रेक, आपला स्टॅक आणि आपल्यासमोर बसणारे लोक.

ताईंची हरकत

दुसऱ्या खेपेचा मसुदा चांगला झाला होता. तीन रूपं, तीन कारणं, रेकचा आकडा. तरीही ताईंनी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. टर्नला इस्पिकची राणी तिथे अजून होती.

"फ्लश लागला नसता तर हा डाव लेखात घेतला असतात का?"

लेखक थांबला. म्हणाला, "नसता घेतला, ताई."

त्यांचं पुढचं बोलणं मी लिहून घेतलं होतं, त्याचा आशय असा. बँकेत कर्ज मंजूर करताना बघतात ते त्या दिवशी समोर असलेले कागद. पुढे कर्ज बुडालं म्हणजे निर्णय चुकला असं नाही, आणि फिटलं म्हणजे बरोबर होता असंही नाही. लेखात डाव जिंकून दाखवला की वाचक निर्णय तपासायचं सोडून देतो. कॉल का केला हे तो विसरतो, राणी आली एवढं त्याच्या लक्षात राहतं.

टर्न आणि रिव्हर लेखातून काढून टाकले. डाव फ्लॉपवरच्या निर्णयाला थांबतो, पुढं काय पडलं ते कळत नाही. यावर मोठा वाद झाला. विद्यार्थी म्हणाला, वाचकाला चुटपुट लागेल. काकांनाही शेवट हवा होता. पत्त्यांच्या गोष्टीत शेवट नसेल तर ती सांगायची कशाला, असं त्यांचं मत. ताई ठाम राहिल्या आणि मी त्यांच्या बाजूनं कौल दिला. डावपेचांच्या लेखांत जिंकलेल्या डावांची संख्या बघा, प्रत्यक्ष खेळात तितके डाव कुणीच जिंकत नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात बरोबर खेळणं आणि पैसे येणं यांची गाठ पक्की बसते. मग बरोबर खेळून हरला की त्याला लेख खोटा वाटतो, आणि चुकीचं खेळून जिंकला की स्वतः शहाणा वाटतो.

सॉल्व्हरचा आग्रह

विद्यार्थ्याला लेखात सॉल्व्हरचं उत्तर हवं होतं. त्याचंही खरं होतं. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेल्या) खेळात १,२०,००० डावांमध्ये हरवलं, २०१९ मध्ये प्लुरिबसनं सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवलं, आणि त्याच सुमारास घरच्या संगणकावर चालणारे सॉल्व्हर खेळाडूंच्या हाती आले. आता उत्तर असताना गणित कशाला, असा त्याचा सूर.

त्यानं आमचा डाव घालून दाखवला. उत्तर मिश्र आलं: काही वेळा कॉल, काही वेळा रेज. मग त्यानं स्टॅक बदलला, प्रमाण बदललं. रेक शून्य केला, परत बदललं. समोरच्याची रेंज, म्हणजे तो ज्या पानांवर खेळतो ती यादी, सैल केली, आणखी बदललं. हे सगळं तो मोठ्या उत्साहानं करत होता. त्याचं त्याला उमगलं की सॉल्व्हर उत्तर देतो ते आपण भरलेल्या आकड्यांचं, आणि कोणते आकडे भरायचे हे ज्याला कळत नाही त्याला स्क्रीनवरच्या रंगीत चौकटींचा उपयोग नाही. मिश्र उत्तर टेबलावर पाळायचं कसं, हा त्यापुढचा प्रश्न. तो स्वतः मोबाइलच्या घड्याळातले सेकंद बघायचा. काटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर रेज, नाहीतर कॉल. अनुभवी खेळाडू असं करतात. बदलापूर लोकलच्या दारात उभा असलेला माणूस करेल का? लेखात सॉल्व्हरला एक परिच्छेद मिळाला, तोही स्टॅक बदलल्यावर उत्तर कुठल्या दिशेला सरकतं एवढं सांगण्यापुरता.

चार्टचं थोडक्यात. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात, सारख्या एकत्र केल्या तर १६९ प्रकार. त्यांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करता येतो आणि नवख्यानं तो करावाच, त्यानं निम्मा गोंधळ कमी होतो. पण तो पहिल्या निर्णयापुरता. या गटातल्या प्रत्येकाकडे चार्ट होता, आणि तरी फ्लॉपनंतर सहाही जण वेगवेगळं खेळत होते.

हिशेबनिसानं मांडलेला महिना

लेखाच्या शेवटी एक चौकट घालायची ठरली: या एका दुरुस्तीनं महिन्याला किती फरक पडतो? वाचकांना हे नेहमीच हवं असतं. चौकट हिशेबनीस पोरानं केली आणि ती लेखातली सगळ्यात कठोर गोष्ट झाली.

सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर निकालांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा नेहमीचा हेलकावा, दर शंभर डावांना साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ९० धरू. महिन्याला १०,००० डाव खेळणारा, म्हणजे रोज नेमानं बसणारा माणूस. तो शंभर डावांना ५ बिग ब्लाइंड कमावण्याइतका चांगला असला, जे लहान टेबलावर खरोखर चांगलं आहे, तर १० रुपयांच्या ब्लाइंडवर महिन्याची अपेक्षा ५,००० रुपये. आणि नुसत्या नशिबाचा हेलकावा? दोन विचलनांपर्यंत धरला तर १८,००० वर किंवा १८,००० खाली. म्हणजे चांगला खेळाडू महिन्याला १३,००० हरू शकतो आणि वाईट खेळाडू छाती फुगवून फिरू शकतो. एक महिना काहीच सांगत नाही. १,००,००० डाव झाले तरी शंभरामागे ५ ची कमाई खरी आहे की भास, हे ठामपणे म्हणता येत नाही, कारण त्या आकड्यातही एका विचलनाची चूक जवळजवळ ३ ची असते.

त्यानं याखाली तेव्हाच्या कराची ओळ घातली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी, म्हणजे खात्यात घातलेल्या १०० मधले सुमारे २२ करात. आणि १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस. चौकट पुरी केल्यावर त्यानं स्वतःचे मागचे आकडे त्यात घातले. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्यानं ॲप काढून टाकलं होतं. "दादा, मी वाईट खेळत नाही," तो लेखकाला म्हणाला, "पण यात माझं काही उरत नाही." जुलैत, पैशांच्या ऑनलाइन खेळावर बंदी आणणारा कायदा यायच्या आधीच, त्यानं पैशांचा खेळ थांबवला. गटात मात्र येत राहिला.

लेखक थोडा हिरमुसला होता. त्याला वाटलं, आपला लेख वाचून एक वाचक गेला. मला तसं अजिबात वाटत नाही. खेळाडूला लेखातून हवं असतं त्यात हेही येतं: मी कुठं उभा आहे हे खरं खरं कळणं. ते त्याला आजवर फारसं मिळालं नाही, आणि त्याचं कारण लेखकांच्या हुशारीत शोधून सापडत नाही. आपल्याकडचा पोकरवरचा बराच मोफत मजकूर टेबल चालवणाऱ्यांच्या किंवा त्यांच्याकडे ग्राहक पाठवून कमिशन घेणाऱ्यांच्या पैशांवर लिहिला जायचा. लेखाखाली नोंदणीचा दुवा आणि बोनसचा कोड. असा लेख रेकचं गणित का मांडेल? हेलकाव्यांची चौकट कशाला घालेल? तो तुम्हाला फ्लश लागलेला डावच दाखवणार.

परीक्षा

तिसरा मसुदा पक्का करण्याआधी एक साधी परीक्षा घेतली. पहिला मसुदा वाचल्यानंतर गटाला मी काही बदललेले डाव दिले होते: बेट लहान-मोठी, कधी ड्रॉ फ्लशचा, कधी सरळीचा. तेव्हा उत्तरं भराभर आली होती आणि जवळजवळ सगळी "कॉल". तिसऱ्या मसुद्यानंतर तसेच डाव पुन्हा दिले आणि मुद्दाम स्टॅक लिहिला नाही. यावेळी उत्तरं आलीच नाहीत. आधी काकांनी विचारलं, "त्याच्याकडे किती उरलेत?" मग ताईंनी, "रेक किती?" न बोलणाऱ्या दोघांपैकी एकानं विचारलं, "हा माणूस तिसरं इस्पिक पडल्यावर पैसे देतो का?"

पहिल्या मसुद्यानं त्यांना उत्तर दिलं होतं आणि ते त्यांनी सगळीकडे लावलं. तिसऱ्यानं कोणती माहिती नसेल तर उत्तर देता येत नाही हे शिकवलं. लेख पहिल्यापेक्षा बराच लांब झाला होता आणि कुणीही लांबीची तक्रार केली नाही. लेख छोटे हवेत असं हेच सहा जण सुरुवातीला एका सुरात म्हणत होते.

कायद्यानंतर

लेख प्रसिद्ध व्हायच्या बेतात असताना ऑगस्ट उजाडला. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचं विधेयक लोकसभेत २० ऑगस्टला आणि राज्यसभेत २१ ला मंजूर झालं, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैशांची टेबलं धडाधड बंद झाली. आपल्याकडे १८८७ पासूनच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि पोकर त्यात बसतो का यावर वर्षानुवर्षं वाद चालला. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो जुगार ठरवला होता. नव्या कायद्यानं ऑनलाइनपुरता तो वादच संपवला: पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

लेखातली कराची ओळ जुनी झाली, ती काढली. टेबलांची नावं कुठे नव्हतीच. गट मोडेल असं वाटलं होतं, पण गणपती झाल्यावर सगळे पुन्हा दादरला आले. आता खेळ फुकटच्या चिप्सवर, बिनपैशांचा. आणि लगेच नवी तक्रार: लेखातलं अर्धं लागू पडत नाही! फुकटच्या चिप्सवर कुणी पान टाकतच नाही. तिसरं इस्पिक पडो नाहीतर चौथं, राजाची जोडी घेऊन माणूस शेवटपर्यंत पैसे देतो, म्हणजे ४२ चा प्रश्नच मिटला; पण रेज करून त्याला उठवायचं म्हटलं तर तो उठत नाही, म्हणजे दुसऱ्या रूपातला रेजचा सल्ला निकामी. काका यावर खूष आहेत. पैसे नसल्यामुळे आता हिशेब शांतपणे करता येतो, असं ते म्हणतात. विद्यार्थी कंटाळला आहे आणि तेही समजण्यासारखं आहे.

लेखावरची ही टीकाच लेखाला जोडायचं ठरलं. "समोरचा कधीच पान टाकत नसेल तर" असं चौथं रूप लेखक लिहितो आहे. ताईंनी दुसरा लेख हाती घेतला आहे, काकांच्या त्या टर्नवरच्या ऐंशीचा. ८० देऊन रिव्हर बघायचा तर फ्लश लागल्यावर आणखी सरासरी १३४ निघायला हवेत, तिथून त्यांनी सुरुवात केली आहे. पहिल्या ओळीतच दोघांचे स्टॅक, रेक आणि समोरचा कसा खेळतो ते लिहिलंय. रिव्हरला कोणतं पान पडलं, ते त्या शेवटपर्यंत सांगणार नाहीत. काकांना हे अजून मान्य नाही. येत्या रविवारी त्यावर पुन्हा बोलायचं आहे.